डॉक्टरांना जाळायचं नाही

“हा नाही जाळायचा, साहेब. हा घरात ठेवायचा,” बाहुलेवाली दोन्या फेलिसिता म्हणाली, आणि तिनं एप्रनच्या टोकानं बाहुल्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

होल्गेर विल्यासीसचा हात पाकिटापर्यंत गेला होता, तो खिशातच राहिला. झालं ते एवढंच. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी धक्का मारला नव्हता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळं ग्वायाकिल शहर ज्या रस्त्यावर बाहुला घ्यायला येतं तिथं तोही आला होता, टोपी घालून, घामानं निथळत. दोन्ही बाजूंना कागद आणि खळीची माणसं ओळीनं उभी होती. दोन माजी अध्यक्ष, झाडून सगळे आजी मंत्री, पेनल्टी चुकवणारा फुटबॉलवाला, परग्रहावरचा कुणी हिरवा राक्षस. वर्षानं जे जे छळलं ते ते रात्री बारा वाजता दारात पेटवायचं, ही इथली रीत. म्हणून बाहुल्याला सगळे ‘जुनं वर्ष’च म्हणतात. जळायला निघालेल्या माणसांच्या तोंडावर असावा त्यापेक्षा पुष्कळ जास्त आनंद त्या रंगवलेल्या तोंडांवर होता. एकच बाहुला मागे, ताडपत्रीच्या सावलीत, खुर्चीवर बसवलेला होता. तपकिरी केसांचा टोप, जाड काचांचा चष्मा, पिळदार मिशा, आणि कपाळाकडे निघालेल्या हातात पांढरा रुमाल. डॉक्टर लिसिमाको दे ला पेन्या, राजकीय विश्लेषक. डॉक्टर कशातले, हे सहा वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर होल्गेरलाही सांगता आलं नसतं, आणि डॉक्टरांना जन्म तर त्यानंच दिला होता.

“का नाही जाळायचा?” त्यानं विचारलं.

“अहो, भल्या माणसाला कुणी जाळतं का? जाळायचं त्याला, ज्यानं वर्षभर पिडलं. हे तर खरं बोलतात. आमच्या ह्यांना बातम्या लावल्या तर झोप येते, डॉक्टर लागले की खडखडीत जागे. ह्या आठवड्यात पुष्कळ गेले माझे. कुणी दुकानात गल्ल्याशेजारी बसवलेत, कुणी दारात. एकीनं तर मेलेल्या सासूच्या आरामखुर्चीत बसवलेत. म्हणाली, सासूपेक्षा बरे दिसतात.”

“पण तो खरा माणूस नाही, बाई. विनोदी कार्यक्रमातलं सोंग आहे ते. असल्या विश्लेषकांची टिंगल करायला काढलेलं.”

“असेल,” ती म्हणाली. तिचं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलं होतं. “मग टीव्हीवर खरं कोण आहे, तेवढं सांगा.”

डोक्यावर टोप नसला की होल्गेर म्हणजे एक टकला, ओघळलेल्या गालांचा, बँकेच्या रांगेत कुणाच्याही पुढे उभा असावा असा माणूस होता. आपल्याला कुणी ओळखत नाही याची त्याला आजवर मजा वाटायची. आज त्याला टोपी भिरकावून ओरडावंसं वाटलं, की मी सांगतो ना तुम्हाला, मी, हा माणूस हरामखोर आहे. पण ती म्हणाली असती, तुम्ही कोण? म्हणून तो म्हणाला, “मला जाळायलाच हवाय.” तेव्हा तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “मग तो मंत्री घ्या की. त्याच्यात फटाके जास्त भरलेत.” शेवटी त्याला खोटं बोलावं लागलं. घरात ठेवीन म्हणाला, उन्हात ठेवणार नाही म्हणाला. स्वतःच्या बाहुल्याला सुखात ठेवण्याचं वचन देऊन तो बाहेर पडला, तेव्हा त्याच्या तोंडाला चढलेली चव दिवसभर उतरली नाही.

टॅक्सीवाल्यानं डॉक्टरांना पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. होल्गेर मागे बसला. “आडवा टाका डिकीत,” असं तो म्हणाला होता. टॅक्सीवाला नुसता हसला, जसं काही एखाद्यानं आजोबांना डिकीत टाका म्हणावं. दक्षिणेकडे, खाडीच्या बाजूला जायचं होतं, ताईच्या गल्लीत. ताई आज दार उघडेल का, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं त्यानं ठरवलं होतं. तिच्या दारात हा बाहुला बसवायचा, गल्लीसमोर सांगायचं की डॉक्टर मेले, आता टीव्हीवर दिसायचे नाहीत, आणि तिच्या हातानं काडी लावायची. मग ती काहीतरी बोलेल. शिवी देईल. चालेल. ऑगस्टपासून ताईनं त्याला शिवीसुद्धा दिली नव्हती.

दोघांत ती सात वर्षांनी मोठी. जुनं वर्ष करायचं ते त्या दोघांनीच. ती जुन्या पँट-शर्टांचे पाय आणि बाह्या शिवायची, आत भुसा ठासायची, आणि टाके असे बारीक घालायची की जळताना शेवटपर्यंत माणूस माणूसच दिसायचा. बोलायचं काम त्याचं. जुन्या वर्षाचं मृत्युपत्र वाचायचं असतं: ही माझी ढेरी मी पोलिसाला ठेवतो, हा माझा कोरडा नळ नगरपालिकेला. “तू शिव, मी बोलतो,” असा त्यांचा करार होता. दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा त्यानं मृत्युपत्र वाचताना पाण्याचं आश्वासन देऊन गेलेल्या नगरसेवकाचा आवाज काढला. नाकातला, तुपकट, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओठ चाटणारा. गल्ली हसली. पण नार्सिसाताई हसली ती कुंपणाला धरून, वाकून, डोळे पुसत, “पुरे रे मेल्या, पुरे” म्हणत. नंतर त्याला बक्षिसं मिळाली, नाटकगृहं भरली, रस्त्यावर त्याची भली मोठी चित्रं लागली; आणि प्रत्येक वेळी, टाळ्या थांबायच्या आत, तो मनात कुंपणाशी जाऊन बघायचा, की ती वाकली का. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असलं काही सांगू नये.

“ह्यांच्यासारखा माणूस वर बसला पाहिजे,” टॅक्सीवाला म्हणाला. हातानं त्यानं बाहुल्याची कलती मान सरळ केली. “कसं सांगतात बघा. पूल पडला, दोष कुणाचा? पुलावर होते त्यांचा. बोंबला! कुणी सांगितलं होतं पुलावर जायला?”

“ते चेष्टेनं म्हणाले होते.”

“चेष्टेनंच खरं बोलता येतं, साहेब.”

त्या पुलापासूनच सगळं सुरू झालं होतं. एका रविवारच्या चर्चेत एक खराखुरा विश्लेषक, रुमालानं कपाळ टिपत, स्टुडिओच्या गारठ्यात, म्हणाला होता की लोकांनीही थोडी काळजी घ्यायला हवी होती. होल्गेर मेकअपच्या खुर्चीत बसून ते बघत होता. त्याला राग आला, चांगला खणखणीत राग. त्यानं समोर पडलेला टोप डोक्यावर ठेवला, रुमाल काढला, आणि आरशाला म्हणाला, “सरळ आहे हो. दोष कुणाचा? ज्याला लागलं, त्याचाच.” मेकअपवाली हसून खाली बसली. मग ते वाक्य दर शनिवारी कार्यक्रमात यायला लागलं. पहिलं वर्ष झकास गेलं. हसण्याचे आवाज होल्गेरला कळत, कलिंगडवाल्याला टिचकी मारून कळतं तसे. पहिल्या वर्षीचं हसणं पिकलेलं होतं, त्यात राग होता. लोक डॉक्टरांना हसत होते. मग कधीतरी ते हसणं बदललं. कोणत्या शनिवारी, ते त्याला आजही सांगता येत नव्हतं. कच्च्या केळ्याचे गोळे तळणाऱ्याच्या गाडीवर दोन माणसं सकाळी म्हणत होती, “काल बरोब्बर बोलला डॉक्टर,” आणि हसत होती, आणि ते हसणं डॉक्टरांच्या शेजारी बसून, त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसणं होतं. होल्गेरनं ते ऐकलं, आणि वर्गणीच्या डब्यात खोटं नाणं दिसावं तसं न पाहिल्यासारखं केलं. कार्यक्रम पहिल्या नंबरवर होता.

मग त्यानं डॉक्टरांना आणखी दुष्ट करायचं ठरवलं. इतकं दुष्ट, की कुणाला हो म्हणणं शक्यच होऊ नये. डॉक्टर म्हणाले, पुरात बुडालेल्यांनी दफनाचा खर्च वाचवला, देशाला अशाच काटकसरी नागरिकांची गरज आहे. टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी रविवारच्या चर्चेत तेच वाक्य, जरा इस्त्री करून, कुणी खरा माणूस गंभीर चेहऱ्यानं बोलला. होल्गेर पुढे धावे आणि देश मागून येऊन त्याला गाठे. आणि आता चॅनेलला वाटत होतं की निवडणुकीच्या तोंडावर डॉक्टरांनी रविवारच्या खऱ्या चर्चेतच बसावं. त्या रुमालवाल्या मूळ माणसाला काढून त्याच्याच खुर्चीवर. काल निरोप आला होता. होल्गेरनं अजून उत्तर दिलं नव्हतं. आज संध्याकाळी तो लिहिणार होता: डॉक्टर जळाले.

गाडी खाडीवरच्या पुलावर आली. चिखलाचा आणि तळलेल्या माशाचा वास आत शिरला, आणि त्याची मान आपोआप खाली गेली. याच वासात, ताईच्या स्वयंपाकघरात, जुलैतल्या एका रविवारी ती कांदा चिरत बोलत होती. समोर माशाच्या आमटीचा मोठा वाडगा होता. कंत्राटी शिक्षकांना काढणार होते. शिक्षण कचेरीसमोर ते सगळे धरणं धरून बसणार होते, रात्रंदिवस, फुटपाथवर. “मी माझी उशी नेणार बाबा,” ताई म्हणाली. “मुलांच्या वह्या तपासून मानेचं पार लाकूड झालंय. फरशीवर एक रात्र काढली तर दुसऱ्या दिवशी घोषणा द्यायला तोंड वर करता यायचं नाही.” ते दोघं हसले. त्याच आठवड्यात शनिवारी डॉक्टर लिसिमाको कपाळ टिपत म्हणाले: “उशा घेऊन येतात हो! धरणं म्हणायचं की पाहुणचार? एक बाई तर, मला खात्रीलायक कळलंय, पिसांची उशी घेऊन येणार आहेत. सरळ आहे. ज्याची मान दुखते, त्यानं ती वर कशाला काढावी?” त्याला वाटलं होतं, लोकांना ह्या वाक्याची किळस येईल. मनापासून वाटलं होतं. बाईंच्या दुखत्या मानेवर बोलणारा माणूस किती नीच, हे आता तरी दिसेल. लोकांना दिसली ती उशी.

सोमवारपासून कचेरीसमोरून जाणाऱ्या गाड्यांतून उशा पडायला लागल्या. पहिली कुणीतरी गंमत म्हणून फेकली. मग जुन्या, फाटक्या, ओल्या. एक आत दगड घातलेली. वर्तमानपत्रात नार्सिसाताईचा फोटो आला, मांडीवर स्वतःची उशी घेतलेला, आणि खाली ‘उशीबाई’. मंत्र्यानं मुलाखतीत हसत सांगितलं की सरकार पाहुण्यांना पोसू शकत नाही. धरणं मोडलं. कंत्राटं संपली. पुस्तकी बोलायचं तर होल्गेरचा त्यात काय दोष? त्यानं तर शिक्षकांचीच बाजू घेतली होती, उलट्या अंगानं. कुऱ्हाडीच्या दांड्यालाही विचारलं तर तो हेच म्हणेल, की मी तर लाकूडच आहे, झाडांच्याच बाजूचा. गोताला काळ व्हायचा तो होतोच.

त्यानं फोन केला तेव्हा ताई शांत होती. “मला कळला तुझा विनोद,” ती म्हणाली. “तू त्यांची टर उडवत होतास. दगडाची उशी अंगावर आली ना होल्गेर, तेव्हासुद्धा मला कळत होता.” मग म्हणाली, “आता फोन करू नकोस.” तेव्हापासून तो रोज त्या वाक्याला उत्तर शोधत होता. डॉक्टरांना कुठल्याही वाक्याचं उत्तर तीन सेकंदांत सुचायचं.

गल्लीच्या तोंडाशी दोरी आडवी धरून एक विधवा उभी होती. काळा झगा, काळी जाळी, छातीत फुगे, झग्याखाली केसाळ पोटऱ्या. “माझा नवरा गेला हो! आज रात्री जाळणार हो त्याला! पोरकी झाले मी, काही तरी टाका!” असा टाहो फोडत तिनं टॅक्सीच्या टपावर थापा मारल्या. हे फ्रिज दुरुस्त करणारे एपिफानियो. जुन्या वर्षाची विधवा होऊन पैसे मागायचा मान गल्लीनं त्यांना कैक वर्षं दिला होता. पुढच्या सीटवर नजर गेली तशी विधवा रडायची थांबली.

“अरे, डॉक्टर! डॉक्टर आले रे!” आणि मग मागे बघून, “होल्गेर! लेका, तू आणलेस? पायाची धूळ झाडलीस रे गल्लीत! मला वाटलं मोठा माणूस झालास, आता कशाला येतोस.”

“ताई आहे?”

“बाई ना? आहेत की. बाहुली करून आत्ताच आत गेल्या.” एपिफानियोनं आवाज उतरवला आणि छातीतला एक फुगा सावरला. “आम्ही म्हणालो, बाई, तुम्ही नका हो. आम्ही मंत्री आणतो. तर म्हणाल्या, हे वर्ष माझ्यावर गेलंय, मलाच बसू दे.”

तेव्हा त्याला ती दिसली. ताईच्या दारासमोर, फुटपाथवर, खुर्चीत एक बाई बसलेली. करडा स्कर्ट, शाळेचा निळा ब्लाउज, कोपरावर ठिगळ. ते ठिगळ त्याला ओळखीचं होतं. टाके बारीक, सगळे एका मापाचे. कापडी चेहऱ्यावर चष्मा रंगवला होता, तोंड रंगवलं नव्हतं. आणि मान पडू नये म्हणून मागे उशी बांधली होती. वर्तमानपत्रातली तीच उशी. वर्षानं जे छळलं ते जाळायचं. ताईनं चार महिने विचार करून, कुणी छळलं याचं उत्तर शिवून दारात बसवलं होतं. तू शिव, मी बोलतो. ती शिवून मोकळी झाली होती.

तोवर कुणीतरी घरातली चांगली खुर्ची आणली होती, हाताची. डॉक्टरांना तीवर बसवलं, बाईंच्या शेजारी. कुणी त्यांच्या मांडीवर बिअरचा ग्लास ठेवला. दारादारांतून माणसं आली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर होल्गेरला दिसला तो जिव्हाळा. ह्याच लोकांनी धरण्यावर बसलेल्या ताईला डबे नेऊन दिले होते. हीच माणसं शनिवारी डॉक्टरांना हसत होती. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. ती वाईट माणसं असती तर होल्गेरला किती सोपं झालं असतं.

ताई दारात आली. केस पांढरे राहू दिले होते तिनं. हात भुशानं माखलेले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या डॉक्टरांकडे, मग परत त्याच्याकडे. आत मात्र गेली नाही.

“ऐका,” होल्गेर म्हणाला. “ऐका जरा. हा बाहुला मी जाळायला आणलाय.”

“ह्या!” विधवा ओरडली. “डॉक्टरांना नाही जाळायचं!”

“जाळायचाय. आजच. बाईंची बाहुली नाही, हा जळेल. हा माणूस खोटा आहे. मी बनवलाय, मला माहीत आहे. हा सहा वर्षं तुमच्या घरात येऊन तुम्हालाच शिव्या देतोय, आणि तुम्ही...” तो थांबला, कारण कुणीतरी फिसकन हसलं होतं. आणि मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. नाकातून येणारा, प्रत्येक शब्दावर टेकून पुढे जाणारा, शेवटी किंचित वर उचललेला. त्यानं घसा खाकरला. खाकरणंही डॉक्टरांचंच निघालं. त्यानं साधं बोलायचा प्रयत्न केला, ताईशी स्वयंपाकघरात बोलायचा तसं. पण स्वयंपाकघरात एकच माणूस होतं, आणि चार माणसांसमोर उभं राहून बोलायला त्याच्याजवळ दुसरा आवाजच शिल्लक नव्हता. लोक जवळ सरकले. मोबाइल वर झाले. कित्येक वर्षांनी होल्गेर गल्लीत मृत्युपत्र वाचतोय, फुकटात, म्हणून सगळे खूश झाले होते. त्याला रडू येत होतं, आणि त्या रडण्यानं आवाज आणखी तुपकट होत होता, आणि लोक आणखी हसत होते.

“हसू नका!” तो ओरडला. “मी खरं बोलतोय! बाईंचं जे झालं ना, तुमच्या ह्या बाईंचं, त्यात दोष होता...”

“ज्याला लागलं, त्याचाच!” सगळी गल्ली एका सुरात म्हणाली.

किती प्रेमानं म्हणाली. म्हातारे, बाया, विधवा, सगळे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असतानाच एकेकाच्या लक्षात आलं असावं, कारण त्या मध्येच विरळ झाल्या, आणि एपिफानियोनं जाळी तोंडावर ओढून घेतली. होल्गेरनं सवयीनं कुंपणाकडे पाहिलं. कुंपणाशी कुणी नव्हतं. ताई पायरी उतरून खाली आली होती.

ती आधी आपल्या बाहुलीपाशी गेली. मागची गाठ सोडायला तिला वेळ लागला, तिची गाठ नेहमीच पक्की असे. उशी निघाली तशी बाहुलीची मान मागे पडली. ताईनं उशी दोनदा थोपटून फुगवली, डॉक्टरांच्या खुर्चीकडे गेली, आणि त्यांची पाठ जरा पुढे करून ती मानेमागे नीट सारली. थोडं मागे होऊन बघितलं. परत जाऊन एक कोपरा सरळ केला.

“राहू दे त्यांना,” ती होल्गेरला म्हणाली. ऑगस्टनंतरचं पहिलंच वाक्य, आणि आवाजात राग नव्हता, हेच त्याला सोसेना. “त्यांना आता पुष्कळ बसायचंय. मान अवघडेल.”

“ताई...”

“ये आत, आमटी आहे,” ती म्हणाली. “जेवून जा. मग जा.” आणि मागे न बघता पायरी चढून आत गेली. दार उघडंच राहिलं.

त्याला आत जायचं होतं. दार उघडं मिळावं म्हणूनच तो आला होता, आणि ते उघडं होतं, आणि आतून आमटीचा वास येत होता. पण बाहुलीचं डोकं खुर्चीच्या पाठीवरून खाली लोंबत होतं, तोंड नसलेलं, आभाळाकडे चष्मा करून, आणि तिला तसं सोडून जाता येईना. त्यानं वाकून हाताच्या ओंजळीत ते डोकं धरलं. भुसा ठासून भरलेला होता, डोकं वाटलं त्याहून जड होतं. शेजारी डॉक्टर उशीला टेकून ऐसपैस बसले होते. गल्लीत पुन्हा बोलणी सुरू झाली, कुणी गाणं लावलं, विधवा दोरी घेऊन कोपऱ्याकडे गेली.

“डॉक्टर, इकडे बघा!” मोबाइल धरून कुणीतरी हाक मारली.

त्यानं बघितलं. एका हातात बाहुलीचं डोकं होतं. दुसऱ्या हातानं तो रुमालानं कपाळ टिपत होता.